गालावरची सत्तावीस भोकं

मित्रांनो, मी एक जुनी चामड्याची बाहुली आहे आणि मला जबर धक्का बसलेला आहे. चामड्याला कसला आलाय धक्का, असं तुम्ही म्हणाल. मीही आजवर तेच म्हणत होते. मला पाण्यात भिजवलं, उन्हात ताणलं, छिन्नीनं कापलं, एकदा तर उंदरानं माझी बाही कुरतडली, तरी मी हूं की चूं केलं नाही. पण गेल्या बुधवारी मोठमोठ्या अभ्यासकांच्या खोलीत जे घडलं, ते पोटात ठेवणं मला जमत नाही. सुरुवातीपासून सांगते, म्हणजे तुम्हीच ठरवा.

बाहुली होण्याआधी मी एक शेळी होते. त्या जन्मातलं मला काही आठवत नाही, आणि आठवत नाही तेच बरं. मला आताचं रूप दिलं एका बाहुलीवाल्यानं. घरात तो आणि त्याची थोरली बहीण, अशी दोनच माणसं. तो तिला ताई म्हणे. चामडं भिजवायचं, पातळ होईपर्यंत तासायचं, मग ताणून उन्हात वाळत घालायचं, ही सगळी ताईची कामं. कापायचं, भोकं पाडायचं आणि रंगवायचं काम मात्र त्याचं. भोकं पाडायला त्याच्याकडे लोखंडी ठशांची एक पेटी होती आणि तिला तो कुणाला हात लावू देत नसे, अगदी ताईलासुद्धा. माझ्या लुगड्याच्या काठावर त्यानं चारशे बारा भोकं पाडली, सगळी एका मापाची, एका ओळीत. मागं दिवा धरला की त्या भोकांतून उजेड येतो आणि पडद्यावरच्या काळ्या सावलीला जरीचा काठ लागतो. सावलीच्या खेळाची सगळी गंमत या भोकांत असते, मित्रांनो. आमचं सौंदर्य आमच्या अंगावर नसतं, समोरच्या पडद्यावर असतं.

खेळात मी आई होते. मुलगा दूरदेशी निघतो, आई दारात उभी राहते आणि तो दिसेनासा होईपर्यंत एक शब्द बोलत नाही, एवढाच माझा प्रवेश. नंतर बाहुलीवाला मागून गायचा. आवाज चांगला होता त्याचा, खोटं कशाला बोलू. पण पहिल्या वर्षी त्या प्रवेशाला कुणाच्याही डोळ्यांत पाणी आलं नाही. लोक खोकायचे, चपला शोधायचे, शेजाऱ्याशी उद्याच्या कामाचं बोलायचे. बाहुलीवाला पडद्यामागं बसलेला, त्याला यातलं काही दिसायचं नाही. ताई मात्र पुढं लोकांत बसायची. तिला सगळं दिसायचं.

एका दुपारी तो बाजारात गेला असताना ताईनं मला मांडीवर घेतलं. ठशांची पेटी कुलपात होती, म्हणून तिनं गोधडी शिवायची सुई चुलीत लाल केली आणि माझ्या डोळ्याखाली टेकवली. एक भोक पाडलं, दुसरं पाडलं, असं करत सत्तावीस पाडली. कुठलं बारीक, कुठलं जरा मोठं, कुठं दोन जवळजवळ, मध्येच मोकळी जागा. मला वाटलं, बाईचा हात बसलेला नाही, विद्रूप केलंन मला. ती मला उजेडाकडे धरून म्हणाली, "रांगेत उभं राहून कुणी रडत नाही, बाई."

त्या संध्याकाळी माझा प्रवेश आला. मला धरायची माझ्या पाठीची कामटी जराशी थरथरली की ते उजेडाचे ठिपके माझ्या काळ्या गालावरून खाली ओघळताना दिसायचे. पहिल्या ओळीतला एक दांडगा हमाल पागोट्याच्या शेवानं डोळे पुसू लागला. त्याचं बघून त्याची बायको रडायला लागली, आणि मग सगळा मांडवच रडला. खेळ संपल्यावर बाहुलीवाला छाती फुगवून म्हणाला, "बघितलंस ताई? आज आवाज लागला माझा."

"लागला खरा," ताई म्हणाली.

पडद्यामागून आमचे रंग दिसतात, सावली नाही दिसत. त्यामुळे त्याला माझे अश्रू कधी दिसलेच नाहीत. भोकं दिसली, पण फार उशिरा, मला ऊन दाखवायला बाहेर काढलं तेव्हा. "ताई, हिला कीड लागली का गं?" त्यानं विचारलं. ताई म्हणाली, "लागली असेल थोडी. मी औषध लावते." एवढं बोलून ती भाकऱ्या थापायला गेली. तेवढंच एक खोटं ती बोलली, आणि त्या एका खोट्यानं पुढं माझी काय दशा केली ते ऐका.

तीस वर्षं मी रडले आणि लोकांना रडवलं. त्याचं श्रेय तीस वर्षं बाहुलीवाल्याच्या गळ्याला गेलं. लोक त्याला गूळ-पाणी द्यायचे, शाल द्यायचे, आमच्या लेकराच्या बारशाला गा म्हणायचे. ताई पहिल्या ओळीत मान खाली घालून बसायची. मग हळूहळू लोकांना दुसरे पडदे मिळाले, रंगीत आणि बोलके. आमच्या पडद्यापुढं आधी पन्नास माणसं, मग वीस, शेवटी सहा, आणि त्यातली दोन पावसाच्या आडोशाला बसलेली. मी पेटीत गेले. पेटीतल्या काळाबद्दल काय सांगणार? अंधार होता आणि डांबरगोळ्यांचा वास होता.

एक दिवस झाकण उघडलं आणि आम्हा सगळ्या बाहुल्यांना एका विद्यापीठात नेलं. तिथं एक विभाग आहे, आशियातल्या निरनिराळ्या देशांच्या चित्रकलेचा आणि नाट्यकलेचा अभ्यास करणारा. लांबच लांब खोली, भिंतीला लोखंडी खणांची कपाटं, खिडक्यांना जाड पडदे. मला सपाट खणात पांढऱ्या कागदावर निजवलं आणि पायाला क्रमांकाची चिठ्ठी बांधली. वरच्या खणात एक लाकडी मुखवटा होता, चार समुद्र ओलांडून आलेला. शेजारी रेशमावर काढलेल्या चित्राची गुंडाळी होती आणि नर्तकीचा एक हातपंखा. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती, पण तक्रार सगळ्यांची एकच होती. इथं आमच्याविषयी सगळे लिहितात, पण मुखवटा कुणी तोंडाला लावत नाही आणि पंखा कुणी उघडत नाही. नियमच तसा होता. जुन्या रंगांना तीव्र उजेड लावायचा नाही. बाहुली बघायची ती वरून, मंद दिव्याखाली, पांढऱ्या कागदावर ठेवून.

त्या खोलीत एक मुलगी माझ्यावर प्रबंध लिहायला आली. सदा हातात बारीक चिमटा असायचा, म्हणून वर्गातली पोरं तिला चिमटी म्हणायची. मित्रांनो, ती वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. उलट इतकी कामसू पोरगी मी पाहिली नाही. माझ्याशी बोलायची ती. माझ्या कुरतडलेल्या बाहीला तिनं असा जोड दिला की मीच चकित झाले. जुनाट धूळ तिनं श्वास रोखून पुसली. तिनं सावलीच्या खेळांवरची अकरा जाडजूड पुस्तकं वाचली आणि त्यांतून तिला कळलं की आमच्याकडची भोकं ठशांनी, एका मापाची आणि ओळीनं पाडलेली असतात. मग ती भिंग घेऊन माझ्या गालाशी आली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

मनातली शंका मनातच ठेवणारी ती नव्हती. बाहुलीवाल्याच्या घरी जाऊन तिनं तीन दिवस त्याची मुलाखत घेतली. तुमच्या मुलाखतीत बाहुल्यांनाही नेतात बरं का, निदान मला तरी नेलं होतं, खोक्यात घालून. तिनं माझ्या गालाकडे बोट करून विचारलं, "काका, ही भोकं तुम्ही पाडली?"

"छे, ती ठशांची नव्हेत," तो म्हणाला. "कीड लागली होती हिला. ताईनं औषधही लावलं होतं."

"नक्की?"

"माझी बाहुली मला ठाऊक नाही होय?"

आणि ताई कुठं होती? शेजारच्या खोलीत, पाहुणीसाठी कांदे चिरत. भिंत म्हणजे नुसती फळ्यांची. तिचा एक कान गेलेला, त्यात कांदा चिरताना ती स्वतःशी गुणगुणत होती, त्यामुळे तिला यातलं अक्षर ऐकू गेलं नाही. तीन दिवसांत चिमटीनं तिला दोन प्रश्न विचारले. एक, पाणी कुठं आहे. दुसरा, आजी, तुम्हीपण खेळ करायचात का? "नाही गं, मी नुसती बघायची," ताई म्हणाली. चिमटीनं वही मिटली.

परत आल्यावर कार्डावर नोंद झाली: 'डाव्या गालावर किडीने खाल्लेली सत्तावीस छिद्रे.' आणि मग तिनं ती बुजवायला घेतली. चामड्याची पूड सरसात कालवून, सुईच्या टोकावर घेऊन, एकेक भोक. आठ महिने चाललं होतं हे काम. मी आतून ओरडत होते, अगं बये, तो माझा हुंदका आहे, बुजवतेस काय! पण चामड्याचा आवाज कुणाला ऐकू येतो? पहिलं भोक बुजलं तेव्हा मी सुन्न झाले. सत्ताविसावं बुजलं तेव्हा तिनं वरून रंगाचा हात फिरवला, भिंगातून पाहिलं आणि आनंदानं माझ्या कपाळाजवळ येऊन म्हणाली, "झालीस बाई बरी." तिला शिकवणाऱ्या मॅडमनी सूचनाफलकावर माझे दोन फोटो लावले, आधीचा आणि नंतरचा. येणारे-जाणारे थांबून वाहवा करायचे. माझं रडणं पुसल्याबद्दल एका पोरीला शाबासकी मिळत होती आणि त्यात कुणाचीच लबाडी नव्हती, हे मला सगळ्यात भयंकर वाटलं.

आता तो बुधवार. चिमटीच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा होती. बाहेरून एक परीक्षक आले होते, उंच, नाकावर चष्मा, हातात माझी जाडजूड फाईल. दुरुस्त केलेली बाहुली प्रत्यक्ष खेळवून दाखवायची, असं ठरलं होतं. वीस मिनिटांपुरती मागं दिवा लावायची खास परवानगी काढली होती. बाहुलीवाल्याला बोलावलं होतं आणि त्याच्याबरोबर, हाताला धरून, ताई आली होती.

मुलाखतीच्या वेळी फळ्यांच्या भिंतीआडून मी नुसता तिचा आवाज ऐकला होता; आता समोर पाहून मी तिला ओळखलंच नाही. केवढीशी झाली होती. डावा डोळा गेलेला, उजव्याचंही फार उरलं नव्हतं. ती चिमटीला सांगत होती, "डॉक्टर म्हणाले, चेहरे विसरा आता. उजेड-अंधार तेवढा कळेल, तोही किती दिवस ते सांगता येत नाही. म्हणून म्हटलं, येऊ या. माणसं नाही दिसत मला, पण ही दिसेल. हिचा तर सगळा कारभारच उजेड-अंधाराचा. एकदा हिला रडताना बघते आणि मग डोळ्याचं काय व्हायचं ते होऊ दे."

"रडताना?" चिमटी हसून म्हणाली. "काकांचा आवाज ऐकून मीच रडेन, आजी." आणि तिनं ताईला पहिल्या ओळीत, पडद्यापासून हातभर अंतरावर बसवलं.

खोलीत अंधार केला. दिवा लागला. कित्येक वर्षांनी माझ्या पाठीला उजेडाची ऊब लागली, पण मला आनंद होईना. पडद्याचं कापड पातळ असतं, नाक टेकलं की पलीकडचं अंधूक दिसतं. मला ताईचा चेहरा दिसत होता. लुगड्याचा जरीकाठ पडद्यावर उमटला तशी ती पुढं सरकली. तिला दिसत होतं तर! मुलगा निघाला, मी दारात उभी राहिले. बाहुलीवाला गायला लागला, म्हातारपणीही काय आवाज लावला त्यानं! ताई वाट बघत राहिली, हात मांडीवर आणि मान वर. तिनं एकदा डोळा चोळला, मग पदरानं पुसून पुन्हा पाहिलं. माझा गाल काळा होता. कढईच्या बुडासारखा काळाठिक्कर.

मग ती मागं टेकली. शेजारी चिमटी बसली होती, तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू ती म्हणाली, "गेला वाटतं हाही डोळा."

मित्रांनो, मी चामड्याची नसते तर तिथंच फाटले असते. डोळा नाही गं गेला, माझा गाल गेला, हे तिला सांगणार कोण? दिवा विझला, पडदे सरकले, टाळ्या झाल्या. बाहुलीवाल्यानं घाम पुसत विचारलं, "कसं झालं, ताई?" आणि ती म्हणाली, "छान झालं. नेहमीसारखंच." हसली सुद्धा. परीक्षक उठून चिमटीला म्हणाले की इतकी स्वच्छ दुरुस्ती त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

चिमटी जागची हलली नाही. मला टेबलावर ठेवलं होतं, तिथून तिचं तोंड दिसत होतं. ती पडद्याकडे बघे, ताईच्या डोळ्याकडे बघे, मग माझ्याकडे. हुशार पोरगी, तिच्या डोक्यात काय जुळत चाललं होतं ते मला स्पष्ट कळत होतं. ती गप्प राहिली असती तर कुणालाच काही कळलं नसतं. परीक्षा पार पडली होती. म्हातारी घरी गेली असती, आपण आंधळ्या झालो असं समजून तिनं उरलेले दिवस काढले असते. बाहुलीवाला तिला हाताला धरून दाराकडे नेऊ लागला. उंबऱ्यापर्यंत पोचलीही होती ती.

"आजी, थांबा."

चिमटीनं हातमोजे काढून टाकले. मला उघड्या हातांनी उचललं, जे त्या खोलीत आजवर कुणी केलं नव्हतं, आणि ताईचं बोट धरून माझ्या गालावर टेकवलं. "आजी, इथं काय होतं?"

ताईचं बोट माझ्या डोळ्याखाली फिरलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. सगळं गुळगुळीत.

"बुजवलीस?"

"हो." चिमटी म्हणाली. "मला कीड वाटली. सत्तावीसच्या सत्तावीस मी बुजवली."

आता ही बाई शिव्या देईल, रडेल, निदान खाली तरी बसेल, असं मला वाटलं. तिनं फक्त मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, "म्हणजे डोळा आहे अजून माझा."

परीक्षकांनी फाईल उघडून पुन्हा मिटली. मॅडम फलकावरच्या फोटोंकडे बघत राहिल्या. बाहुलीवाला मात्र गोंधळून इकडून तिकडं मान फिरवत होता. "कसली भोकं? किडीची? त्यांचं काय एवढं?"

ताईनं मग सगळं सांगितलं, बाजाराची दुपार, लाल सुई, सगळं. चार वाक्यांत संपवलं तिनं. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता.

सुदैवानं त्या विभागाचा एक नियम शहाणपणाचा आहे. जे चिकटवायचं ते पुन्हा सोडवता आलं पाहिजे. चिमटीनं चिमटा, कापूस आणि कोमट पाणी घेतलं. ताईनं बोटानं जागा दाखवायची आणि तिनं सरस भिजवून काढायचा, असं अडीच तास चाललं. परीक्षक चहाला जातो म्हणाले, पण गेले नाहीत; दिवा धरून उभे राहिले. शेवटी दोन भोकं काही केल्या मोकळी होईनात. चिमटी रडकुंडीला आली तेव्हा ताई म्हणाली, "राहू दे. पंचवीस पुरेत. वय झालं की रडू कमीच येतं."

या खेपेला कामटी चिमटीनं धरली, कारण ताईनं भावाला उठू दिलं नाही. त्याला तिनं आपल्या शेजारी, पडद्यासमोर बसवलं. सबंध आयुष्य बाहुल्या नाचवणारा तो माणूस पहिल्यांदाच पुढच्या बाजूला बसला होता. दिवा लागला. चिमटीचा हात आपोआपच थरथरत होता, वेगळं काही करावं लागलं नाही. गाणं नव्हतं, कुणी खोकतही नव्हतं. मी दारात उभी राहिले आणि रडले.

ताई बघत होती. तिच्या उजव्या डोळ्यात ते ठिपके मला दिसले, एवढंच सांगते, त्यापुढं माझ्याच्यानं सांगवत नाही.

बाहुलीवाला म्हणाला, "तीस वर्षं मला वाटत होतं, माझ्या आवाजानं रडतात."

"आवाजही चांगलाच होता की."

"सांगितलं का नाहीस कधी?"

"सांगितलं असतं तर तू त्या प्रवेशात इतका जीव ओतला असतास?"

त्या दुपारी लाल सुईनं भाजलेल्या तिच्या बोटांवर त्यानं आपला हात ठेवला.

मित्रांनो, कार्डावरची नोंद आता बदलली आहे आणि चिमटी पासही झाली. ताईचा डोळा काल पूर्ण मिटला, असं मॅडम फोनवर बोलताना मी ऐकलं. म्हणजे आठ दिवसांचा उशीर झाला असता तरी सगळं मुसळ केरात गेलं असतं. तो विचार आला की मला अजून धसका बसतो. अकरा पुस्तकं, भिंगं, मोजपट्ट्या, आठ महिने, आणि सावलीच्या बाहुलीमागं दिवा धरून बघायचं एकालाही सुचलं नाही! तुम्हीही मोठे झाल्यावर कशाचा तरी अभ्यास कराल. जुन्या वस्तूवर भोक दिसेल, चीर दिसेल, डाग दिसेल. हात शिवशिवतील, मला माहीत आहे. थोडं थांबा. जो बोलतो आहे त्याचं ऐका, आणि जी गप्प बसली आहे तिलाही विचारा, आजच विचारा. म्हाताऱ्या माणसांचे डोळे कुणासाठी थांबत नाहीत.